चौकशी होईपर्यंत

ठकुबाई घराबाहेर राहायला गेली ती हसत हसत गेली. तिला कुणी घालवलं नव्हतं. सुनेनं भांडण काढलं नव्हतं, लेकानं चार शब्द सुनावले नव्हते. उलट लेकानं सुट्टीच्या दिवशी स्वतः गोठ्याचे पत्रे ठोकून दिले आणि सुनेनं आपल्या हातानं जमीन सारवली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण ही हकिगत अर्धी ऐकली की लोक लगेच रत्नाला नावं ठेवायला लागतात, आणि रत्ना काही तशी बाई नाही.

किकवीला हायवे सोडून आत आलं की ओढ्याच्या अलीकडे जी वस्ती लागते, तिथं ठकुबाईचं घर. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढं पडवी, मग अंगण, आणि अंगणाच्या पलीकडच्या कडेला गोठा. गोठा नावालाच. शेवटची म्हैस विकली त्यालाही बरीच वर्षं झाली. आता तिथं सरपण, फुटकी घमेली आणि कोंबड्यांचं खुराडं. नवरा चिमाजी केव्हाच गेलेला. एकुलता एक लेक धनाजी हायवेकडच्या एका कंपनीत पाळीनं कामाला जायचा. नातू पुण्यात शिकायला होता. भाताची खाचरं होती, परड्यात घेवडा व्हायचा, घरात गॅस होता, टीव्ही होता. भाजीत मीठ जास्त की कमी, यावरून सासूसुनेची रोज थोडी कुरबुर व्हायची आणि जेवताना मिटायची.

मग अशा बाईला निराधाराचा पगार कशाला हवा होता? खरं सांगायचं तर नको होता. पण शेजारच्या बाळाबाईला मिळायला लागला. तिची मुलं पुण्याला, घरात ती एकटी, तिचं काम पटकन झालं. आता बाळाबाई बँकेत जाऊन आली की दोन दिवस तेच सांगत बसायची. "सरकार देतंय तर आपुन का सोडायचं?" ती म्हणाली, आणि धनाजीनं ते उचललं. गावात त्याला पेन्शन म्हणत नाहीत, पगारच म्हणतात. जन्मभर चिखलात वाकून भात लावलेल्या बाईला पगार शब्द पहिल्यांदा सत्तरीजवळ लागू होतो, यातली गंमत ठकुबाईलाही कळली होती. "आता मला बी पगार व्हनार," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि स्वतःच हसायची.

कापूरहोळला अर्ज भरून देणाऱ्याचं एक दुकान आहे. तिथं मायलेक दोघं गेले. दुकानदारानं रेशनकार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, निराधार म्हणजे ज्याला आधार नाही तो. तुमचा आधार तर हा समोर स्टुलावर बसलाय."

धनाजी ओशाळला. दुकानदारानं मग आवाज उतरवून मार्ग सांगितला. आधी कार्ड वेगळं करायचं. मग अर्ज टाकायचा. मग तलाठी घरी चौकशीला येणार, तेव्हा म्हातारीची चूल वेगळी दिसली पाहिजे. नुसती कागदावर नाही, डोळ्यांना दिसली पाहिजे.

"आन चौकशी झाल्यावं?" ठकुबाईनं विचारलं.

"झाली की झाली. मग तुम्ही कुठं जेवताय ते बघायला कोण येतंय?"

परतीच्या यष्टीत धनाजी म्हणाला, "महिन्याभराचा परश्न हाय, आये. चौकशी झाली की तू परत आत."

तेवढंच ठरलं. त्याहून जास्त काही ठरवायची कुणाला गरज वाटली नाही.

ठकुबाईला चूल घालायचा हात होता. गॅस यायच्या आधी वस्तीतल्या बायका तिला बोलवून न्यायच्या; तिनं घातलेली चूल धूर कमी करते आणि जाळ तव्याच्या बुडाला सारखा लावते, असं म्हणायच्या. मग घरोघर टाक्या आल्या आणि तिला कुणी बोलवेना. आता इतक्या वर्षांनी तिनं चिकणमाती आणली, त्यात भाताचं तूस मळलं, गोठ्याच्या कोपऱ्यात चूल घातली, बाजूला आमटी ऊन राहायला वैल काढला, आणि वाळेपर्यंत रोज ओल्या हातानं ती गुळगुळीत करत बसली. पहिली भाकर त्या चुलीवर टम्म फुगली तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. पहिले आठ दिवस तर सगळं घरच गोठ्यात जेवायला. धनाजी पाळीवरून आला की थेट तिकडं जायचा. रत्ना वाटीत भाकरीबरोबरचं कोरड्यास घेऊन यायची, चुलीच्या जाळाशी बसायची आणि म्हणायची, "आत्या, तुमी हितंच ऱ्हावा. गॅसच्या भाकरीला ही चव न्हाई."

तिकडं सासूला आत्या म्हणतात. रत्ना ते वाक्य प्रेमानं बोलली होती, आणि ठकुबाईनंही ते तसंच घेतलं होतं.

झोपायला ती अजून घरातच होती. पण दुकानदारानं धनाजीला फोन करून सांगितलं की चौकशीची माणसं सकाळी अवचित येतात. पलीकडच्या एका गावात म्हातारीचं अंथरूण लेकाच्या घरात सापडलं आणि प्रकरण तिथंच पडलं. म्हणून मग बाजलं गोठ्यात गेलं. बाजल्यामागं वाकळ गेली, वाकळीमागं पत्र्याची पेटी गेली. देव तेवढे घरातच राहिले. ठकुबाई रोज सकाळी अंघोळ करून अंगण ओलांडून देवपूजेला यायची. काही दिवसांनी ती यायच्या आधीच पूजा झालेली असायची, कारण रत्नाला बचत गटाच्या कामाला लवकर निघावं लागायचं. मग ठकुबाई नुसती हात जोडून परत जायची.

महिना झाला. चौकशीला कुणी आलं नाही. म्हणून ठकुबाई भोरला निघाली.

कचेरीत निराधारच्या टेबलाला एक काच होती आणि काचेमागं मिताली नावाची बाई बसायची. भोरातच वाढलेली, शिकल्यासवरल्या घरातली, चाळिशीच्या अलीकडची. लोक कचेरीतल्या माणसांना मनसोक्त शिव्या देतात. मितालीला देता येत नसत. ती कुणावर खेकसत नव्हती, उद्या या म्हणून मोबाईल बघत नव्हती. म्हातारी माणसं आली की आधी त्यांना बसायला सांगायची, मग नाव शोधायची, आणि जे असेल ते समजावून सांगायची. अडचण एवढीच होती की तिच्याकडं सांगण्यासारखं दरवेळी एकच असायचं.

"आजी, तुमचं प्रकरण चौकशीला गेलंय. अहवाल आला की बैठकीत ठेवू."

"मंग चौकशीला कवा येनार?"

"येतील. सध्या सगळ्यांना निवडणुकीचं काम लागलंय."

ठकुबाई पुन्हा गेली तेव्हा निवडणूक झाली होती, पण अवकाळीनं पिकं झोपली होती आणि तलाठी पंचनाम्याला फिरत होते. त्यापुढच्या खेपेला तलाठ्याची बदली झाली होती, आणि नव्या बाईंकडं आणखी दोन गावं होती. यात खोटं काहीच नव्हतं. निवडणूक झाली होती हे ठकुबाईनंही पाहिलं होतं, बोटाला शाईही लावून घेतली होती. तिला कुणाचा राग धरावा हे कळत नव्हतं, आणि राग धरायला कुणी सापडलं नाही की माणूस हळूहळू मुकाट होत जातं. पहिल्या खेपांना ती काचेपलीकडं सुनेबद्दल, नातवाबद्दल, घेवड्याबद्दल बोलायची. नंतर नुसतंच विचारायची, "आलं का वो काय?" मिताली मान हलवायची, आणि ठकुबाई उठायची.

इकडं घरात तिच्याविरुद्ध काहीही चाललं नव्हतं. पण रिकामी जागा कुणी रिकामी ठेवत नाही. बाजलं होतं त्या कोपऱ्यात बचत गटाकडून मिळालेली घरघंटी आली. रत्नानं वस्तीतली दळणं घ्यायला सुरुवात केली, आणि घरघंटीला भिंतीतला बटणाचा बोर्ड तिथंच जवळ होता. "चौकशी झाली की सरकवू," रत्ना म्हणाली. पण ते धूड सरकवायला चार माणसं लागली असती. कोरड्यासाची वाटी रोज यायची, ती दिवसाआड झाली. कारण धनाजीची पाळी बदलली, जेवायच्या वेळा बदलल्या, आणि ठकुबाईचं तर तोवर जेवून झालेलं असायचं. मग ठकुबाई रेशनचे तांदूळ आपल्या डब्यात ठेवू लागली, तेल आपल्या बाटलीत आणू लागली. रत्नानंच एकदा कौतुकानं म्हटलं, "आत्यांचं कसं टापटीप हाय. माज्यावर काईच ऱ्हात न्हाई."

ठकुबाई सरळ उठून आत का गेली नाही, असं कुणीही विचारेल. कुणी नको म्हटलं असतं तर ती भांडून आत गेली असती. तेवढी धमक तिच्यात होती. कुणी नको म्हणालंच नाही. धनाजी फक्त म्हणायचा, "येवढं थांबलीस आये, आता थोडक्यासाटी नासवू नगं." आणि तेही खरंच वाटायचं.

मग लग्नसराई आली. भावकीतला थोरला सोनबा नातीच्या लग्नाचं आवतण द्यायला वस्तीत फिरत होता. जवळच्या घरांना चूलबंद आवतण असतं. घरातल्या झाडून साऱ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. सोनबा पडवीत आला, चहा प्याला, अक्षता दिल्या आणि म्हणाला, "धनाजी, चूलबंद हाय बरं का. समद्यांनी यायचं." ठकुबाई गोठ्याच्या दारात घेवडा निवडत बसली होती, तिला ऐकू गेलं. तिनं मनातल्या मनात कुठलं पातळ नेसायचं ते ठरवूनही टाकलं. तेवढ्यात सोनबा पडवी उतरला, अंगण ओलांडून तिच्यापुढं येऊन उभा राहिला आणि पिशवीतून पुन्हा अक्षता काढल्या.

"वैनी, तुमाला निराळं सांगतो. तुमाला बी चूलबंद."

"आवं, धनाजीला सांगितलंसा की. म्या त्यातच आले."

"त्यात कसं? चूल निराळी, तर आवतण निराळं. उद्या कुनी म्हनाया नगं की सोनबा इसरला."

ठकुबाईनं आवाज बारीक केला. "भावजी, ही चूल कागदापुरती हाय. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय की," सोनबा म्हणाला. "पर पेटती न्हवं? पेटती म्हंजी चूल."

हे तो कुचकेपणानं बोलला नाही. उलट मान राखायला म्हणून बोलला. कुणी चुलीला चुकवलं तर तो तिचा अपमान झाला असता. कचेरीला ती चूल खरी वाटावी म्हणून घरदार खटपट करत होतं, आणि भावकीनं तर कधीच तिचा हिशेब धरून टाकला होता. यात्रेची पट्टी गोळा करणारी पोरंसुद्धा त्या साली घरी येऊन गेल्यावर गोठ्याच्या दारात आली होती. तेव्हा ठकुबाईनं ते हसण्यावारी नेलं होतं.

सोनबा गेल्यावर ती अक्षता मुठीत धरून बसून राहिली. आपल्याला वाईट वाटतंय का, हे ती जणू चाचपून बघत होती. हाताला काही लागेना. राग नाही, रडू नाही. घेवड्याच्या शेंगा समोर होत्या, त्यांच्या शिरा काढायच्या होत्या. तिनं अक्षता पदराला बांधल्या आणि शिरा काढायला घेतल्या.

लग्नाला ती गेली, जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता यष्टीत बसून भोरला गेली आणि काचेपुढं उभी राहिली.

"मॅडम, मला नगं त्यो पगार. माजा अर्ज माघारी द्या."

मितालीनं मान वर केली. टेबलापुढं गर्दी होती, तरी ती उठली, बाजूच्या दारानं बाहेर आली आणि ठकुबाईला बाकड्यावर बसवून तिच्या शेजारी बसली.

"आजी, घरच्यांनी सांगितलं का असं बोलायला?"

"न्हाई. माजी म्याच आले."

"मुलगा रागावला का? गावात लोक नावं ठेवतात, अर्ज मागं घे, असं म्हणाला का?"

"तसं न्हाई वो."

तसंच आहे, अशी मितालीची खात्री झाली. या टेबलावर तिनं पुष्कळ पाहिलं होतं. आईला विचारत नाहीत, पण तिनं निराधार म्हणून अर्ज केला की मुलांची अब्रू जाते, आणि मग म्हातारी एके दिवशी एकटीच येऊन अर्ज परत मागते. मितालीचा जीव कळवळला. तिनं ठकुबाईचा हात हातात घेतला.

"आजी, हे कुणाचे उपकार नाहीत, तुमचं हक्काचं आहे. इतके दिवस थांबलात, आता घाबरू नका. अर्ज मी परत देणार नाही. तुमचं प्रकरण आजच वर काढून ठेवते आणि तलाठी मॅडमना मी स्वतः सांगते."

ठकुबाईला पैशाचं काही नव्हतं. तिला चौकशीची वाट बघणं थांबवून घरात जायचं होतं, एवढंच. वाक्य म्हटलं तर सोपं होतं. पण ते बोलायचं म्हणजे चूल लटकी आहे हे बोलायचं, आणि मग लेकाच्या नावानं काय निघेल कुणास ठाऊक. समोरची बाई इतकी चांगली वागत होती की तिला खोटं सांगवेना आणि खरंही सांगवेना. मितालीनं आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. ठकुबाई पाणी प्याली.

"बरं," ती म्हणाली, आणि यष्टी धरून परत आली.

त्यानंतर ती भोरला गेली नाही. सकाळी चूल पेटवायची, भाकरी थापायची, कोंबड्या सोडायच्या, दुपारी बाजल्यावर पडायचं. घरातून घरघंटीचा आवाज यायचा, टीव्हीचा यायचा, कधी रत्ना हसायची तिचा यायचा. ते सगळं शेजारच्या घरातून यावं तितपत ऐकू यायचं. बाळाबाई कधी बसायला आली तर म्हणायची, "ठके, तू लई गप झालीस." ठकुबाई म्हणायची, "बोलायला काय हाय?" खरंच काही नव्हतं. कधी आजारी पडली तर रत्ना काढा करून आणायची, धनाजी दवाखान्यात न्यायचा. पण ते दारात येऊन आधी हाक मारायचे आणि मग आत यायचे. पूर्वी असं कुणी करत नसे. कधीपासून करायला लागले, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दसरा झाल्यावर एका सकाळी तलाठी शिवानी मॅडम स्कूटीवरून आल्या. पोरसवदा, अंगानं किरकोळ, पण त्यांच्याबद्दल दोन-तीन गावांत बोललं जायचं. चुलीवर काजळी दिसली नाही की त्या विचारतात म्हणे. एका वस्तीत कुणी बाजारातून तयार चूल आणून मांडली होती, तिच्या बुडाशी दुकानाची चिठ्ठी तशीच होती आणि ती मॅडमनी सगळ्यांदेखत सोलून काढली होती. धनाजी त्या दिवशी घरीच होता. मॅडमना बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

शिवानी मॅडम घराकडं वळल्याच नाहीत, थेट गोठ्यात गेल्या. वर पत्र्याला धरलेलं काजळ पाहिलं. चुलीची कड जिथं रोज पातेलं टेकून टेकून झिजली होती तिथं बोट फिरवलं. डबे उघडले. बाजल्याखालची पेटी पाहिली. दोरीवरची पातळं पाहिली. मग खाली बसून राखेत काडी घालून बघितली. खाली विस्तव होता.

"आजी, इथं कधीपासून राहताय?"

"लई दिस झालं."

"स्वयंपाक कोण करतं?"

"माजा म्या करते."

"मुलगा काय देतो?"

या प्रश्नाचं उत्तर धनाजीनं मागं तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तेव्हा तिला ते बोलताच आलं नव्हतं. अर्ध्यावर आलं की तिला हसू फुटायचं, धनाजी चिडायचा, रत्ना तोंडाला पदर लावून हसायची. आता धनाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि आई हसते की काय या भीतीनं घामाघूम झाला होता.

"काय बी देत न्हाई," ठकुबाई म्हणाली. "इचारत बी न्हाई. त्येंचं त्येंच्यात, माजं माज्यात."

कुठंही अडखळली नाही. आवाजही चढला नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगून टाकलं. बोलून झाल्यावर तिला एवढंच जाणवलं की घोकलेलं वाक्य आठवावं लागलं नाही.

शिवानी मॅडमनी ते टिपून घेतलं. मग धनाजीकडं वळल्या. "तुम्हाला काही वाटत नाही का?"

"परपंच हाय मॅडम," धनाजी खाली बघत म्हणाला. तेही घोकलेलंच होतं.

मॅडमनी ठकुबाईला चुलीपाशी बसवून मोबाईलवर फोटो काढला. निघताना हेल्मेट घालता घालता म्हणाल्या, "आजी, रोज नाटकं बघते मी. त्यामुळं खरं कुठलं ते लगेच कळतं. तुमचं होऊन जाईल, काळजी करू नका."

स्कूटी ओढ्याच्या वळणाआड गेली आणि धनाजीनं मोठा श्वास सोडला. तो आईजवळ आला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी ठेवला होता.

"आये, झ्याक बोललीस. मला सुदीक खरं वाटलं."

ठकुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो हसत होता, लहानपणी म्हशीला पाणी पाजून आला की हसायचा तसाच. त्याला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण काय सांगायचं ते जुळेना.

"आज आत जेवायचं," तो म्हणाला. "रत्ना, कोंबडी कर."

संध्याकाळी ठकुबाईनं धुतलेलं पातळ नेसलं. गोठ्यातून घरात जायला कुणी पातळ बदलत नाही, पण तिनं बदललं. चूल पेटवली नाही. दिवेलागणीला ती पडवीत गेली तेव्हा चपला कुठं काढाव्यात म्हणून क्षणभर थांबली. आत रत्नानं सतरंजी अंथरली होती. ठकुबाईसाठी पितळेचं ताट काढलं होतं, जे जावई-पाहुण्यांसाठी वर ठेवलेलं असायचं, आणि पाण्याला तसलंच तांब्याफुलपात्र. रत्नानं मनापासून केलं होतं. रस्सा झणझणीत झाला होता, मीठ बरोबर पडलं होतं. तिनं पहिलं वाढप ठकुबाईला वाढलं.

"घ्या की आत्या, लाजू नगा. आजून हाय."

"लई झालं."

"आसं कसं? येवढ्या दिसानं आलासा."

ठकुबाई जेवता जेवता कोपऱ्याकडं बघत होती. घरघंटीवर रत्नानं जुन्या साडीचं झाकण शिवून घातलं होतं. बाजलं आणायचं म्हटलं तर ते कुठं ठेवायचं, हे तिला बसल्या जागी दिसेना. परत आत कधी यायचं ते आज विचारायचं म्हणून ती आली होती, पण विचारायला तिची जीभ उचलेना. धनाजीनंच विषय काढला. दुकानदाराला त्यानं फोन करून सांगितलं होतं आणि दुकानदारानं एक गोष्ट नवीन सांगितली होती.

"मंजूर झाल्यावं बी कवा तरी येऊन बगत्यात म्हनं. तवा लगी लगी नगं, आये. चूल ऱ्हाऊंदे थोडं दिस. तुला बी आता सवय झालीया."

"व्हय," ठकुबाई म्हणाली.

तिनं ताटातलं सगळं संपवलं. पूर्वी ती स्वतःचं ताट उचलून मोरीत न्यायची, आज उचलायला गेली तर रत्नानं हातातून घेतलं, "ऱ्हाऊ द्या, तुमी कशाला?" मग ठकुबाईनं हात धुतले, पदराला पुसले, देवाकडं बघून हात जोडले. थोडा वेळ उभी राहिली. टीव्ही लागला होता. धनाजी सुपारी कातरत होता.

ती पडवीत आली, चपला पायात सरकवल्या आणि आत वळून म्हणाली, "बरं, येते म्या."

"या, आत्या," रत्ना म्हणाली, आणि दारापर्यंत पोचवायला आली. अंगणात अंधार पडला होता. ठकुबाई गोठ्याच्या दाराशी पोचेपर्यंत रत्नानं पडवीतला दिवा चालू ठेवला. मग तिनं तो बंद केला आणि कडी लावून घेतली.